मीठ कुठं जातं? पूर्णेच्या खारपाणपट्ट्याची गोष्ट



आजचा विषय पाण्याचा आहे आणि बोलणारा माणूस तत्त्वज्ञानाचा. त्यामुळं काहींना वाटेल, हे गृहस्थ आता पंचमहाभूतांवर घसरणार. थोडं घसरणार आहोतच, पण आधी जमिनीवर राहू. वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीवर.

आपल्याकडं पूर्णा नावाच्या नद्या एकापेक्षा जास्त आहेत. आपण बोलतोय ती सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडं वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. हिच्या दोन्ही काठांना एक लांबट पट्टा आहे. क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या वर, गावं सुमारे नऊशे. या पट्ट्यात विहीर खणली की पाणी लागतं, पण ते मचूळ किंवा सरळ खारं लागतं. म्हणून नाव पडलं खारपाणपट्टा. समुद्र तिथून कितीतरी लांब. अकोल्यातल्या माणसाला समुद्र बघायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. आणि पायाखाली मात्र खारं पाणी.

या पट्ट्यात आमचं आजोळ. दर्यापूर तालुक्यातलं एक लहान गाव. पन्नासच्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या दशकात आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथं गेल्या. घरात दोन रांजण असायचे. एक ओसरीवर, वापरायच्या पाण्याचा. दुसरा आत स्वयंपाकघरात, पिण्याचा. आम्ही पोरं धावत येऊन चुकीच्या रांजणात गडवा बुडवायचो आणि आजीचा धपाटा खायचो. आतलं पाणी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून यायचं. पहाटे बायका वाटीवाटीनं गुंड भरायच्या. उन्हाळा चढला की काही झिरे खारे व्हायचे, मग नवा खणायचा. चांगला झिरा कोणता ते आजी सांगायची. आम्ही एकदा विचारलं, तुला कसं कळतं? ती म्हणाली, "पानी कसं आहे ते डाय सांगते, बाप्पा. डाय शिजली त पानी गोड."

हे वाक्य आम्ही पुढं बरीच वर्षं विसरलो होतो. आज ते आपल्याला उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता इतिहास. पहिला प्रश्न असा की हे पाणी वाईट आहे, असं कोणी ठरवलं? कारण जुन्या काळात या पट्ट्यात लोक मुद्दाम खारं पाणी शोधत. अकोल्याच्या उत्तरेला, दहिहांड्याच्या परिसरात मिठाच्या विहिरी होत्या. खोल विहीर खणायची, वाळूच्या थरातलं खारं पाणी वर काढायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ गोळा करायचं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज भूशास्त्रज्ञांनी पूर्णेच्या गाळाचं वर्णन करताना या विहिरींची दखल घेतली आहे. म्हणजे जे पाणी सुनेला डोकेदुखी होतं, तेच मीठ काढणाऱ्याचं पोट होतं. एकाच जमिनीतल्या पाण्याला दोन घरांत दोन किमती होत्या.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मिठावरचा कर हे इंग्रज सरकारच्या उत्पन्नाचं मोठं साधन होतं. परवानगीवाचून मीठ करणं हा गुन्हा. त्याच सुमाराला रेल्वे आली, १८६७ पर्यंत ती नागपूरला पोचली आणि समुद्राचं मीठ डब्यांतून आत येऊ लागलं. गावच्या मीठविहिरी इंग्रजी अमलात बंद पडल्या. विहिरी बंद झाल्या, पण पाणी तसंच राहिलं. फक्त आता ते कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. आमच्या मते खाऱ्या पाण्याचा 'दोष' म्हणून इतिहास खऱ्या अर्थानं इथून सुरू होतो. त्याच्या आधी ते त्रासाचं होतं, पण निरुपयोगी नव्हतं.

मग आलं १९३०. गांधीजी दांडीला गेले, मूठभर मीठ उचललं. देशभर प्रश्न पडला की जिथं समुद्र नाही, तिथल्यांनी कायदा कसा मोडायचा? यवतमाळकडं बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रहाची वाट धरली. अकोल्याच्या लोकांना मात्र जंगलात जावं लागलं नाही. त्यांच्याकडं दहिहांडा होतं. एप्रिल १९३० मध्ये तिथल्या खाऱ्या विहिरीचं पाणी काढून, ते आटवून सत्याग्रहींनी मीठ केलं. बघा, सत्तरऐंशी वर्षं बदनाम असलेलं पाणी एका दिवसात देशकार्याचं पाणी झालं! आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी त्याच गावातल्या बाया पुन्हा गोड्या पाण्याच्या शोधात निघाल्या असणार. सत्याग्रहाचा इतिहास आपण लिहून ठेवला, या दुसऱ्या दिवसाचा इतिहास कोणी लिहिला नाही.

आता जरा घसरतो, परवानगी द्या. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी 'तर्कसंग्रह' लिहिला. न्याय-वैशेषिकाचं हे प्राथमिक पुस्तक आम्ही तीसेक वर्षं वर्गात शिकवलं. त्यात चवींचा हिशेब आहे. पृथ्वीच्या ठिकाणी सहाही रस असतात, पण पाण्याच्या ठिकाणी एकच, मधुर. मग विद्यार्थी हात वर करायचा, सर, समुद्राचं काय? त्याला परंपरेचं उत्तर असं की तो खारटपणा पाण्याचा नव्हे, त्यात मिसळलेल्या पार्थिव अंशाचा. आम्ही हे शिकवताना मनातल्या मनात हसायचो. पण वय वाढलं, खारपाणपट्ट्यावर वाचत गेलो, तसं हसू कमी झालं. कारण भूशास्त्रही हेच सांगतं की मीठ पाण्याचं नाही, मातीचं आहे.

कसं ते बघू. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधे खचलेला खोलगट भाग. त्यात नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून भरला. काही ठिकाणी हा गाळ शेकडो मीटर जाड आहे. उतार इतका कमी की पाण्याला बाहेर जायची घाई नाही. बेसाल्ट झिजतो, त्यातून क्षार सुटतात, पाणी साचून राहतं, ऊन ते उडवतं, क्षार मागं राहतात. समुद्राचं पाणी इथं कधीकाळी अडकलं असावं, असंही एक मत होतं. पण आजच्या मांडणीत जोर आहे तो कोंडलेला निचरा आणि बाष्पीभवन यांवर. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, अकोट-तेल्हाऱ्याच्या वरच्या अंगाला, जाड वाळू-गोट्यांचा पट्टा आहे. तिथं पाणी खोल आहे, पण गोड आहे. डोंगरावरून आलेलं पाणी तिथं सरळ मुरतं. तिथून दक्षिणेला पूर्णेकडं सरकत जा, पाणी वर येतं आणि खारं होतं. म्हणजे गोडं आणि खारं हे दोन वेगळे देश नाहीत, एकाच प्रवासाची दोन ठाणी आहेत.

मग पाण्याची पारख कशी करायची? आज एक यंत्र मिळतं, पेनासारखं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत, त्याचा तो अंदाज. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या पाण्यात हा आकडा ५०० पर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा. हजार ते दहा हजार म्हणजे साधारण मचूळ पाणी. समुद्र सुमारे ३५,०००. या फूटपट्टीवर खारपाणपट्टा समुद्रापासून खूप लांब आहे, आणि म्हणूनच त्याचं काहीतरी करता येतं.

पण एका आकड्यावर विसंबू नका. ३००० आकड्याची दोन पाणी सारखी नसतात. एकात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, म्हणजे डाळ शिजणार नाही, साबणाला फेस येणार नाही. दुसऱ्यात सोडियम जास्त. तिथं डाळ कदाचित शिजेलही, पण जमीन मरेल. आजीची डाळ पाण्याचा एक गुण सांगत होती, सगळे नाही. आणि पेनासारखं यंत्रसुद्धा एकच गोष्ट सांगतं. दोघांचाही अपमान करू नका, पण दोघांनाही अंतिम मानू नका.

सोडियमनं जमीन मरते म्हणजे काय होतं? काळ्या मातीचे कण फार बारीक. कॅल्शियम त्यांना धरून ठेवतं, ढेकूळ नीट राहतं, भेगांतून पाणी आत जातं. सोडियम आला की कण सुटे होतात, फुगतात, वाट बुजते. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९५४ साली क्षारयुक्त जमिनींवर एक हस्तपुस्तिका काढली. सिंचनाच्या पाण्यात सोडियमचं इतरांशी प्रमाण किती, हे मोजायची रीत तिच्यामुळं जगभर रूढ झाली. आणि यातला फसवा भाग असा की खारं पाणी देत असताना नुकसान दिसत नाही. त्या पाण्यातले क्षारच मातीचे कण एकत्र धरून ठेवतात. नुकसान दिसतं पावसाळ्यात. गोड पाऊस पडतो, वरचे क्षार धुतो, सोडियम मात्र मातीला चिकटलेला राहतो आणि जमीन सिमेंटसारखी घट्ट होते. शेतकरी म्हणतो, पावसानं घात केला. घात आधीच झालेला असतो.

आता साधं गणित करू, पाटीवरचं. एका एकराला दोन इंच पाणी दिलं तर ते होतं साधारण दोन लाख लिटर. पाण्यात लिटरला दोन ग्रॅम क्षार असतील, म्हणजे फार खारं नाहीच, तर एका पाळीत शेतात पडले चारशे किलो क्षार. पन्नास किलोची आठ पोती. असं समजा की शेतकऱ्यानं बैलगाडीतून आठ पोती मीठ आणून शेतात ओतलं. कोणी ओतेल? नाही. पण बोअरचं बटण दाबताना तेच होतं, फक्त पोती दिसत नाहीत. आणि निचरा नसलेल्या जमिनीतून ते सगळं कुठं जाणार?

मीठ कुठं जातं? आमच्या आजच्या व्याख्यानाचा सगळा जीव या एका प्रश्नात आहे. खारपाणपट्ट्याचा इतिहास म्हणजे हा प्रश्न न विचारण्याचा इतिहास आहे. फक्त जुन्या मीठवाल्यांना त्याचं उत्तर माहीत होतं. त्यांचं मीठ बाजारात जायचं.

स्वातंत्र्यानंतर आपण दुसरी वाट घेतली. बाहेरून गोडं पाणी आणायचं. वान नदीवरचं धरण, शहानूरचं धरण, दक्षिणेला काटेपूर्णेचं. त्यांवरून मोठमोठ्या प्रादेशिक योजना निघाल्या. लोक त्यांना आकड्यांनीच ओळखतात, चौऱ्याऐंशी खेडी, चौसष्ट खेडी. या योजनांचे उपकार कोणी नाकारू नयेत. आजोळी नळ आला त्या दिवशी मामीनं तोटीला हळदकुंकू वाहिलं होतं. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, ही क्रांतीच होती.

पण नळ आला आणि गावानं दोन रांजण ठेवणं सोडलं. झिरे खणणं थांबलं. कोणत्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात किती खारं, ही बायकांच्या डोक्यातली वही बंद झाली. पुढं एका वर्षी जलवाहिनी फुटली आणि गावाला कित्येक आठवडे पाणी नव्हतं. तेव्हा आम्ही योगायोगानं तिथंच होतो. टँकरची वाट पाहणाऱ्या पोरांना विचारलं, नदीत झिरा कुठं लागायचा? एकालाही सांगता येईना. लांबून आणलेलं पाणी चांगलंच, पण त्याच्या बदल्यात आपण जवळच्या पाण्याची ओळख देऊन टाकली.

तिसरी वाट पडद्याची. म्हणजे आपण ज्याला आरओ म्हणतो ती. हिचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९६० च्या आसपास कॅलिफोर्नियात लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी खारं पाणी गाळणारा पडदा उपयोगात येईल असा बनवला. सौरीराजन आपल्याकडचे. तिथल्याच कोलिंगा या गावात भूजल मचूळ होतं, पूर्वी पिण्याचं पाणी रेल्वेनं येत असे. १९६५ मध्ये या पडद्याचं गावपातळीवरचं पहिलं संयंत्र तिथं बसलं, दिवसाला पाच हजार गॅलन, म्हणजे जेमतेम एकोणीस हजार लिटर. आणि त्या गावातल्या घरांत तीन नळ असत: गरम, थंड आणि पिण्याचा वेगळा. हे वाचलं तेव्हा आम्ही पुस्तक खाली ठेवलं. हे तर आजीचे रांजण! सगळं पाणी गोडं करायची गरजच नाही. माणसाला प्यायला आणि शिजवायला लागतं ते थोडं. भांडी, कपडे, गुरं यांना मचूळ पाणी बऱ्याच अंशी चालतं.

आज खारपाणपट्ट्यात बऱ्याच गावांत आरओचं यंत्र दिसतं. नाणं टाका, पाणी घ्या. सोय झाली. पण यंत्राच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. तिथं एक नळी असते. लिटरला तीन ग्रॅम क्षार असलेलं शंभर लिटर पाणी आत गेलं आणि पन्नास लिटर गोडं बाहेर आलं, तर उरलेल्या पन्नासात क्षार जवळजवळ दुप्पट झाले. ती नळी कुठं सोडली आहे? नालीत, नाहीतर बोअरच्याच शेजारी. म्हणजे जमिनीतून काढलं, गाळलं, घट्ट केलं आणि जमिनीला परत दिलं. पुन्हा तोच प्रश्न. मीठ कुठं गेलं?

हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही. आमचा मामेभाऊ, आमच्याहून चार वर्षांनी लहान, मूत्रपिंडाच्या विकारानं गेला. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोला. त्याच्या गावात तो एकटा नव्हता. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या गावांतूनही अशा बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. हे खाऱ्या पाण्यामुळंच झालं, असं सरसकट म्हणणं घाईचं ठरेल. उन्हातली कष्टाची कामं आहेत, औषधं आहेत, फवारण्या आहेत. कार्यकारण सिद्ध करणं किती अवघड, हे आम्ही जन्मभर शिकवलं. पण त्याच्या बायकोनं आम्हाला विचारलं, "भाऊजी, आमच्या विहिरीचं पानी कधी कोनी तपासलं होतं का?" आम्ही कागद शोधले. तीस वर्षांत त्या विहिरीची एक नोंद सापडली. एक! कारण सिद्ध करायचं तर आधी नोंद पाहिजे. मोजलंच नाही, तर निर्दोष म्हणता येत नाही आणि दोषीही म्हणता येत नाही. हा अन्याय आहे, आणि तो कोणी मुद्दाम केलेला नाही म्हणून लहान होत नाही.

मग करायचं काय? आम्ही अभियंते नाही. पण इतिहास चार गोष्टी सुचवतो.

पहिली, नोंद. प्रत्येक गावानं आपल्या पाच-सात विहिरी निवडाव्यात आणि पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, पाण्याची पातळी आणि खारटपणा शाळेच्या फळ्यावर लिहावा. वर्षातून एकदा सोडियमसह पूर्ण तपासणी प्रयोगशाळेतून. नळाला पाणी येत असलं तरीही.

दुसरी, खोलीचा मोह टाळणं. पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. झिरा म्हणजे हा वरचा थर अलगद काढून घेण्याचीच युक्ती होती. जोराचा पंप लावला की खालचं खारं वर चढतं. इथं कमी खोल, कमी उपसा हेच शहाणपण.

तिसरी, मातीचा अवगुण कामी लावणं. इथली माती पाणी मुरू देत नाही, म्हणून दुसरीकडचे पाझर तलाव इथं फारसे चालत नाहीत. पण मुरत नाही याचाच अर्थ साठतं! म्हणून शेततळं. पावसाचं पाणी जमिनीत जाऊन खारं होण्याआधी वरच धरायचं आणि कपाशीला, हरभऱ्याला ऐन गरजेच्या वेळी तुषारनं एक-दोन पाळ्या द्यायच्या. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली गावं घेतली गेली, त्यात शेततळ्यांवर भर आहे. सोडियमनं बिघडलेल्या जमिनीत जिप्सम घालायची रीत आहेच, पण धुतलेला सोडियम बाहेर जायला चर हवा, नाहीतर पुन्हा तेच.

आणि चौथी, मिठाचा जमाखर्च. योजना कोणतीही असो, तिच्या कागदावर एक रकाना असा असला पाहिजे: मीठ कुठं जाणार? आरओच्या नळीचं पाणी पक्क्या उथळ हौदात आटवलं तरी चालेल. दहिहांड्याच्या माणसांना हे येत होतं.

शेवटचं सांगतो. पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते, नदीत बुडी मारली की ऋण फिटतं अशी श्रद्धा. गाडगेबाबांनी तिथं घाट बांधला. बाबांचं बालपण याच खोऱ्यात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गेलं. त्यांनी लोकांच्या श्रद्धेशी भांडण न करता हातात झाडू घेतला आणि घाण कुठं जाते ते दाखवलं. मिठाचंही असंच आहे. ते बुडी मारून फिटत नाही. आपल्या शेतातून काढलं तर शेजाऱ्याच्या विहिरीवर चढतं, आज टाळलं तर नातवाच्या नावावर चढतं. ते कुणाच्या नावावर चढतंय, एवढं तरी आपण लिहून ठेवलं पाहिजे.

इथं थांबतो. खारपाणपट्ट्यातलं कोणी ऐकत असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा की पूर्वी गोडं पाणी कुठं लागायचं. आणि तिनं सांगितलं की वहीत लिहा, तारीख घालून.